चुनखडकाचे प्राचीन मंच आणि त्यांचे काठ : आधी समुद्रपातळी वाचावी की बांधकाम करणारे जीव?

कातळरेघ (धागालेखक)

उथळ समुद्रात चुनखडक साठत जाऊन शेकडो, कधी हजारो चौरस किलोमीटरचे सपाट मंच पृथ्वीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभे राहिले आहेत. बहामा बेटांभोवतीचा समुद्र हा त्यांचा आजचा सर्वाधिक अभ्यासलेला नमुना. तेथे माथ्यावरचे पाणी बहुतेक ठिकाणी दहा मीटरपेक्षाही उथळ आहे आणि काठ ओलांडला की तळ शेकडो मीटर खाली जातो. हा धागा माथ्याविषयी नाही, काठाविषयी आहे. माथ्यावरचे थर आडवे, एकसारखे आणि बऱ्याचदा कंटाळवाणे असतात. मंच उंच झाला, पुढे सरकला, मागे हटला की बुडाला, याचा निवाडा काठावर होतो आणि त्याची नोंदही तेथेच सापडते.

मूळ हिशेब सोपा आहे. समुद्राचा तळ खचतो किंवा पाण्याची पातळी चढते तेव्हा गाळ साठायला जागा तयार होते. दुसऱ्या बाजूने जीव, आणि त्यांच्या सान्निध्यात होणारे रासायनिक अवक्षेपण, ती जागा भरत असतात. उष्ण कटिबंधातील चुन्याचे उत्पादन मुख्यतः प्रकाशावर अवलंबून असलेल्या जीवांकडे असल्यामुळे ते वरच्या दहा-वीस मीटर पाण्यात सर्वाधिक असते आणि खोलीबरोबर झपाट्याने घटते. उत्पादन आणि जागा यांचा मेळ बसला तर काठ जागच्या जागी उंच होत जातो. उत्पादन वरचढ ठरले तर माथा पाण्याच्या पातळीला टेकतो, जादा गाळाला वर जागा उरत नाही, तो उतारावरून खाली ओतला जातो आणि काठ खोल समुद्राच्या दिशेने पुढे सरकतो. जागा वाढण्याचा वेग अधिक झाला तर काठ मागे हटून नव्याने उभा राहतो, आणि तेही जमले नाही तर मंच प्रकाशाच्या पट्ट्याखाली जाऊन बुडतो.

आता माझा मुद्दा. हा हिशेब मांडताना जागेच्या बाजूचा, त्यातही समुद्रपातळीच्या चढउतारांचा, विचार फार बारकाईने होतो. उत्पादनाची बाजू मात्र एखादा ठोकळ आकडा घालून मिटवली जाते. मग काठ पुढे सरकलेला दिसला की पातळी स्थिर होती आणि मागे हटलेला दिसला की पातळी चढली, असे उलटे वाचन सुरू होते. माझ्या मते, हा काठ कोणी बांधला आणि बांधलेले किती लवकर घट्ट झाले, हा पहिला प्रश्न असायला हवा. समुद्रपातळीचा क्रमांक त्यानंतर लागतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅनिंग खोऱ्याचे उदाहरण घेऊ. विंडजाना घळीत लेनर्ड नदीने नेपियर डोंगररांग आरपार कापली आहे आणि त्या कापात डेव्होनियन काळातील मंचाचा छेद उघडा पडला आहे : एका बाजूला माथ्याचे आडवे थर, मध्ये थरांचा मागमूस नसलेला काठाचा भरीव खडक, आणि पलीकडे तीस-पस्तीस अंशांनी कललेले उताराचे थर. डेव्होनियनच्या उत्तरार्धातील फ्रास्नियन काळात या काठांच्या बांधणीत स्ट्रोमॅटोपोरॉइड या आता नामशेष झालेल्या स्पंजवर्गीय जीवांचा मोठा वाटा होता. सुमारे ३७.२ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या मोठ्या जीवविलोपात ते जवळजवळ नाहीसे झाले. प्रमुख गवंडीच गेल्यावर बांधकाम थांबायला हवे होते, पण पुढच्या फामेनियन काळातही येथे तीव्र उताराचे काठ उभे राहिलेले दिसतात. आता बांधणी करत होते सूक्ष्मजीवांचे थर आणि समुद्राच्या पाण्यातून पोकळ्यांमध्ये थेट जमणारे सिमेंट, म्हणजे कणांना एकमेकांशी जखडणारे चुन्याचे स्फटिक. म्हणजे तीव्र काठासाठी मोठ्या सांगाड्यांचे जीव अपरिहार्य नसतात. गाळ घरंगळून जाण्याआधी जागच्या जागी जखडून ठेवणारे काहीतरी मात्र लागते.

दुसरे उदाहरण स्पेनच्या उत्तरेकडील अस्तुरियासचे. सिएरा देल कुएरा या डोंगररांगेतील कार्बोनिफेरस काळाचा मंच नंतरच्या पर्वतनिर्मितीत जवळजवळ नव्वद अंशांनी आडवा पडला आहे, त्यामुळे एरवी भूकंपीय सर्वेक्षणाच्या (जमिनीत लहरी सोडून त्यांच्या परावर्तनावरून काढलेल्या) धूसर चित्रात पाहावा लागणारा छेद तेथे नकाशासारखा जमिनीवर पसरलेला दिसतो. या मंचाच्या उतारावर सूक्ष्मजीवांनी बांधलेला घट्ट खडक केवळ वरच्या कडेपाशी नाही, तर त्या काळच्या समुद्रात सुमारे तीनशे मीटर खोलीपर्यंत तयार होत होता. प्रकाशावर न विसंबणारा हा कारखाना समुद्रपातळी घसरून माथा उघडा पडला तरी खालच्या उतारावर चालूच राहू शकतो. अशा काठाचे पुढे सरकणे समुद्रपातळीच्या आलेखाशी जुळवू पाहणे मला व्यर्थ वाटते.

उताराचा कोनही बऱ्याच अंशी सामग्रीवरून ठरतो. चिखलाचे प्रमाण अधिक असलेले उतार सौम्य राहतात, तर चिखलविरहित भरड वाळू, दगडगोटे आणि लवकर जखडला गेलेला खडक यांचे उतार तीस-पस्तीस अंशांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक, टिकतात. ज्या मंचांना बांधीव काठ नसतो ते तर खोल समुद्राकडे एखाद्या अंशाहूनही कमी उताराने पसरत जातात. आज पर्शियन आखाताचा अरबी किनारा तसा आहे.

यावर मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी.

मंदा_की

लेख आवडला. एक प्राथमिक प्रश्न विचारते. तीस-पस्तीस अंशांचा उतार गाळ साठतानाच होता, की आडवे साठलेले थर नंतर भूकवचाच्या हालचालींमुळे कलले, हे कोट्यवधी वर्षांनंतर कशावरून ठरवतात? अस्तुरियासचा अख्खा मंच आडवा पडला असेल, तर तेथे तर कोणताच कोन मूळचा नसणार.

कातळरेघ

मंदा_की, प्रश्न प्राथमिक असला तरी त्याच्या उत्तरावर बराच डोलारा उभा आहे. शिंपले, गोगलगायी यांची कवचे किंवा खडकातील लहान पोकळ्या गाळात गाडल्या जातात तेव्हा त्यांच्या तळाशी बारीक चिखल साचतो आणि त्याचा पृष्ठभाग गुरुत्वाकर्षणामुळे आडवा राहतो. वरची उरलेली पोकळी पुढे स्वच्छ, पांढऱ्या कॅल्साइटच्या स्फटिकांनी भरते. खडक कापून घासला की प्रत्येक पोकळीत खाली करडा चिखल, वर पांढरे स्फटिक आणि मधोमध एक सरळ रेघ असे चित्र दिसते. ती रेघ म्हणजे त्या काळची गवंड्याची पाणसळच. उताराच्या थरांमध्ये थर तीस अंशांनी कललेला असूनही आतल्या पाणसळी आडव्या असतील, तर उतार मूळचाच आहे. थर आणि पाणसळी दोन्ही सारखेच कललेले असतील, तर थर आडवा साठला आणि नंतर कलला. दोन्हींचे मिश्रण असेल तर पाणसळीचा कल वजा करून मूळ कोन काढता येतो. कॅनिंग खोऱ्यातील उतार मूळचे आहेत याचा हा सर्वांत सबळ पुरावा आहे.

अस्तुरियासमध्येही तत्त्व हेच. माथ्याचे थर मूळचे जवळजवळ आडवे होते हे धरून संपूर्ण छेद कागदावर उलटा फिरवतात आणि उताराचे थर माथ्याच्या थरांशी किती कोन करतात ते मोजतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. एखाद-दुसऱ्या पाणसळीवरून निष्कर्ष काढू नये, कारण चिखल भरून झाल्यावर तो दगडच सुटून उतारावरून घरंगळला असेल तर त्यातली रेघ भलत्याच दिशेला असते. तसे दगड उताराच्या थरांत विपुल असतात.

वाळूघड्याळ

विरोधी मत मागितले आहे म्हणून लिहितो. धागालेखकांनी निवडलेली दोन्ही उदाहरणे सूक्ष्मजीवांनी बांधलेल्या काठांची आहेत आणि त्यांच्यापुरते विवेचन मला मान्य आहे. परंतु प्रकाशावर चालणाऱ्या उष्णकटिबंधीय मंचांच्या बाबतीत समुद्रपातळीला दुसरा क्रमांक देणे योग्य होणार नाही.

बहामाचाच पुरावा पाहा. मंचालगतच्या खोल समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या गाभ्यांमध्ये आंतरहिमकाळांत, म्हणजे पातळी उंच आणि माथा पाण्याखाली असताना, मंचावरून आलेला अॅरागोनाइटयुक्त (अॅरागोनाइट हे चुन्याचे एक खनिज) बारीक गाळ भरपूर आढळतो. हिमकाळांत पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली आणि माथा उघडा पडला की त्याचा पुरवठा आटतो. वाळू आणि माती वाहून आणणाऱ्या नद्यांच्या किनाऱ्यांवर याच्या नेमके उलटे घडते : पातळी घसरली की नद्या किनारपट्टी कापतात आणि गाळ खोल समुद्रात लोटतात. चुनखडकाचा मंच आपला गाळ स्वतः तयार करतो, त्यामुळे त्याचा कारखाना बुडालेला असतानाच चालतो. हा ठळक फरक थेट समुद्रपातळीमुळे पडतो, जीवांची जात कोणती यावरून नव्हे.

दुसरे म्हणजे ग्रेट बहामा बँकेचे अंतरंग. १९८० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या भूकंपीय छेदांतून असे दिसले की आज एकसंध वाटणारा हा मंच पूर्वी खोल खाड्यांनी विभागलेल्या वेगवेगळ्या मंचांचा होता. त्या खाड्या काठांच्या पुढे सरकण्याने बुजल्या, आणि पश्चिमेचा काठ फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत सुमारे २५ किलोमीटर पुढे गेला. हे सरकणे सलग नव्हे, टप्प्याटप्प्याने झाले आहे. १९९६ मध्ये या उतारावर झालेल्या सागरी वेधनातून, म्हणजे समुद्रतळात छिद्र पाडून काढलेल्या नमुन्यांतून, त्या टप्प्यांची वये मिळाली, आणि त्यांचा समुद्रपातळीच्या चढउतारांशी संबंध जुळतो असे त्या मोहिमेचे प्रतिपादन आहे. तेव्हा आलेख अगदीच बाजूला सारू नये.

कातळरेघ

वाळूघड्याळ, पातळी उंच असताना गाळ ओतला जाण्याविषयीचे आपले म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो. माझा आक्षेप तोच नियम सर्व काळांच्या सर्व मंचांना लावण्यावर आहे. मात्र बहामाच्या पश्चिम काठाबद्दल एक गोष्ट जोडतो. तेथे वारे मुख्यतः पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे माथ्यावर तयार झालेला चिखल आणि वाळू पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, ओतली जाते. २५ किलोमीटरची वाटचाल या आडोशाच्या काठाने केली आहे. वाऱ्याला तोंड देणाऱ्या काठांनी तशी मजल मारलेली नाही. समुद्रपातळी दोन्ही बाजूंना एकच होती. तेव्हा आलेखाने टप्प्यांच्या वेळा ठरवल्या असतील, पण कोणता काठ पुढे जाणार हे वाऱ्याने आणि गाळाने ठरवले, एवढे तरी मान्य व्हावे.

खोलीही विसरू नये. काठ एक मीटर पुढे न्यायचा तर उताराची अख्खी उंची भरावी लागते. समोरचा समुद्र दोनशे मीटर खोल असेल तर जो गाळ काठाला एक किलोमीटर पुढे नेतो, तोच गाळ हजार मीटर खोल समुद्रासमोर जेमतेम दोनशे मीटर नेईल. म्हणून कित्येक मंच सुरुवातीला भराभर पुढे सरकतात आणि खोल पाण्याच्या तोंडाशी येऊन जागीच उंच होत राहतात. हे बदल समुद्रपातळीमुळे झाले असे वाटू शकते, पण त्यांचे कारण भूमितीत असते.

शिंपला_७

समुद्रपातळीच्या अतिवाचनाचा विषय निघालाच आहे तर उत्तर इटलीतील लाटेमारची नोंद येथे हवीच. डोलोमाइट पर्वतरांगांतील हा मध्य ट्रायासिक काळातील लहानसा मंच. त्याच्या माथ्यावर साधारण एकेक मीटर जाडीचे शेकडो थर एकावर एक रचलेले आहेत, आणि अनेक थरांच्या वरच्या भागावर तो काही काळ हवेत उघडा पडल्याच्या खुणा आहेत. १९८० च्या दशकात असे मांडले गेले की प्रत्येक थर म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनामुळे (भोवऱ्यासारख्या संथ डोलण्यामुळे) झालेला, सुमारे वीस हजार वर्षांचा, समुद्रपातळीचा एक फेरा. थरांच्या जाडीतील पाच-पाचचे गटही त्या गणिताशी छान जुळत होते. त्या हिशेबाने मंचाला वाढायला सुमारे एक कोटी वर्षे लागली असावीत.

नंतर त्याच काळातील ज्वालामुखीय राखेच्या थरांमधील झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांचे युरेनियम-शिसे पद्धतीने (युरेनियमचे किती शिसे झाले ते मोजून) वय काढण्यात आले, आणि संपूर्ण मंचासाठी काही थोडी दशलक्ष वर्षेच शिल्लक राहिली. म्हणजे एकेका थराला वीस हजार नव्हे, काही हजार वर्षेच मिळाली असणार. यावरचा वाद बराच काळ चालला आणि दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले. मला स्वतःला झिरकॉनची बाजू अधिक भक्कम वाटते, कारण ते वय थरांच्या मोजणीपासून स्वतंत्र आहे. थरांचा ताल गणिताशी जुळला म्हणजे कारणही तेच, हे सिद्ध होत नाही.

जिज्ञासू_वाचक

मंच 'बुडतो' हे मला नीटसे पटलेले नाही. प्रवाळ आणि शैवाल इतक्या वेगाने चुना तयार करत असतील तर तळ खचण्याच्या संथ गतीला ते सहज मागे टाकतील. मग मंच बुडेल कसा?

वाळूघड्याळ

जिज्ञासू_वाचक, आपण नेमक्या कोड्यावर बोट ठेवले आहे. भूवैज्ञानिक वोल्फगांग श्लागर यांनी १९८१ मध्ये हाच विरोधाभास मांडला. हिमकाळानंतरच्या गेल्या दहा हजार वर्षांत निरोगी मंच आणि प्रवाळभित्ती हजार वर्षांत सुमारे एक मीटर, अनुकूल ठिकाणी त्याहून कितीतरी अधिक, वाढल्या आहेत. तळ दीर्घकाळ खचण्याचा वेग साधारणपणे हजार वर्षांत एक ते दहा सेंटीमीटर असतो. पॅसिफिकमधील एनेवेटाक कंकणद्वीपावर १९५२ मध्ये वेधन झाले तेव्हा सुमारे १,४०० मीटर उथळ पाण्यातील चुनखडकाखाली बेसाल्ट लागला, आणि ज्वालामुखी बुडत असताना प्रवाळ वर वाढत राहतात ही चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये मांडलेली कल्पना खरी ठरली. तेथील सर्वांत खालचा चुनखडक इओसिन काळातील, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांचा आहे. भागाकार केला तर हजार वर्षांत जेमतेम तीन सेंटीमीटर. या शर्यतीत मंच हरायलाच नको. तरीही खडकांच्या नोंदीत बुडालेले मंच जागोजागी आहेत. मध्य पॅसिफिकमधील कित्येक सपाट माथ्यांच्या सागरी डोंगरांवर क्रिटेशस काळातील उथळ पाण्याचा चुनखडक आज हजार मीटरहून खोल पाण्यात आहे.

उत्तराच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे पातळी किंवा तळ एकाएकी फार वेगाने बदलणे. गेल्या हिमकाळाच्या शेवटी, सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी, बर्फ वितळल्यामुळे काही शतकांत पातळी पंधरा मीटरच्या आसपास चढली आणि हवाईजवळची एक प्रवाळभित्ती त्याच सुमारास बुडाली, असे मानले जाते. भूकवच भ्रंशरेषेवर अचानक खाली सरकले तरी असेच होते. पण क्रिटेशस काळात ध्रुवांवर आजच्यासारखे प्रचंड हिमस्तर नव्हते, त्यामुळे ही वाट सर्वत्र लागू होत नाही. दुसरी वाट म्हणजे कारखानाच आजारी पडणे. पाण्यात पोषकद्रव्ये वाढली की तरंगते शैवाल माजतात, पाणी गढूळ होते, प्रकाश कमी पोचतो आणि चुनखडक पोखरणाऱ्या जीवांचे फावते; उत्पादन इतके घटते की संथपणे खचणारा तळसुद्धा शर्यत जिंकतो. आल्प्सच्या हेल्वेटिक पट्ट्यात क्रिटेशस काळातील मंचावर फॉस्फेटने माखलेले, अत्यंत पातळ पण लाखो वर्षांचा काळ सामावून घेणारे थर आहेत. उत्पादन जवळजवळ थांबल्याची ती खूण आहे, आणि अशा काही टप्प्यांचा संबंध महासागरांतील प्राणवायू घटण्याच्या जागतिक घटनांशी, उदाहरणार्थ सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेशी, जोडला जातो. हे लिहिताना माझ्या लक्षात येते आहे की या ठिकाणी मी धागालेखकांच्याच बाजूने युक्तिवाद करतो आहे.

निळाई

बुडण्याची तिसरी वाटही नोंदवावी : प्रवाह. मालदीवच्या परिसरात २०१५ मध्ये झालेल्या सागरी वेधनातून असे दिसले की सुमारे १.२९ कोटी वर्षांपूर्वी तेथील गाळाची रचना एकाएकी बदलली. तोवर काठ द्वीपसमूहामधल्या खोल समुद्रात शांतपणे पुढे सरकत होते. त्यानंतर प्रवाहांनी वाहून आणून रचलेले गाळाचे मोठे ढीग सुरू होतात आणि मंचांचे काही भाग बुडालेले आढळतात. या बदलाचा संबंध मान्सूनच्या वाऱ्यांचा आजचा जोर सुरू होण्याशी लावला आहे. वारे बदलले, त्यांनी प्रवाह आणि पाण्यातील पोषकद्रव्ये बदलली, उतारावर साठायचा गाळ प्रवाहांनी पळवला, आणि मंचाचे काही भाग तग धरू शकले नाहीत. समुद्रपातळीच्या आलेखावरून हे कधीच कळले नसते.

शिंपला_७

निळाई यांच्या उदाहरणाला साजेसा, पण बराच जुना प्रसंग पुन्हा डोलोमाइट पर्वतांतच आहे. मध्य ट्रायासिकपासून तेथे तीव्र उताराचे, सूक्ष्मजीव आणि सिमेंट यांनी जखडलेले मंच होते. सेला आणि श्लेर्न या डोंगरांच्या बाजूंवर पुढे सरकत गेलेले कलते थर लांबूनही ओळखू येतात. अडचण अशी की श्लेर्नसारख्या मंचांचा बहुतेक खडक नंतर डोलोमाइटमध्ये (मॅग्नेशियमयुक्त खनिजात) बदलला आणि मूळची सूक्ष्म रचना पुसली गेली. तरी काठावर कोण राहत होते हे कळते, कारण काठावरून तुटून समोरच्या खोल पाण्यात पडलेले मोठे गोटे ज्वालामुखीय चिखलात गाडले गेले, आणि त्या अभेद्य चिखलाने त्यांना डोलोमाइट होण्यापासून वाचवले. चिपिट गोटे या नावाने ते ओळखले जातात. झायझर आल्मच्या हिरव्या कुरणांखालच्या मऊ, काळपट थरांतून हे फिकट गोटे बाहेर डोकावतात, आणि फोडले तर आत स्पंज, सूक्ष्मजीवांचे पापुद्रे आणि मूळचे सिमेंट जवळजवळ शाबूत असते. काठ स्वतः आपली नोंद हरवून बसला, ती त्याच्या पडझडीत राहिली.

ट्रायासिकमधील कार्नियन काळात, सुमारे २३.४ ते २३.२ कोटी वर्षांपूर्वी, हवामान एकाएकी दमट झाले. त्यानंतर हे उंच, तीव्र काठ संपतात आणि त्या जागी सुट्या वाळूचे, सौम्य उताराचे मंच दिसू लागतात. चुन्याचे उत्पादन पूर्णपणे थांबले नव्हते, जखडणारे सूक्ष्मजीव मात्र मागे पडले होते. धागालेखकांच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

मंदा_की

वाढ थांबल्यानंतर या काठांचे पुढे काय होते? ते तसेच उभे राहतात, झिजतात की गाडले जातात?

कातळरेघ

तिन्ही घडते, आणि कोणते घडले यावर आज आपल्याला काय पाहायला मिळते हे अवलंबून असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर ब्लेक कडा आणि मेक्सिकोच्या आखातात फ्लोरिडा कडा असे चुनखडकाचे पाण्याखालचे प्रचंड उभे कडे आहेत. ते पाहून मूळ मंचाचा काठ असाच उभा असेल असे वाटते, पण प्रवाह, खालून झिरपणारे पाणी आणि दरडी यांनी मूळ काठ केव्हाच कातरून टाकला आहे. ब्लेक कडा तर कित्येक किलोमीटर मागे हटला आहे. अशा ठिकाणी दिसणाऱ्या उभ्या भिंतीवर माथ्याचे आडवे थर कापलेले असतात, आणि काठाचा खडक सापडतच नाही.

इटलीतील मायेला डोंगरावर याच्या उलट आहे. तेथील क्रिटेशस काळाचा काठ जवळजवळ हजार मीटर उंच होता आणि समोरचा खोल समुद्र गाळाने हळूहळू भरत येऊन त्याच्या पायथ्यापासून वरपर्यंत थरांनी त्याला टेकू दिला. मंचावरचा बहुतेक गाळ कड्यावर न थांबता त्यावरून थेट खाली जात होता, त्यामुळे हा काठ फारसा पुढे सरकला नाही. क्रिटेशसच्या अखेरीस समोरचा खड्डा भरून आल्यावरच मंच आणि समुद्रतळ यांच्यातला हा तुटक कडा मिटला.

पण सर्वांत नशीबवान म्हणावा असा काठ टेक्सास आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवरील ग्वाडालूप पर्वतातील कॅपिटन. सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळात, स्पंज, कवचासारखे पसरणारे जीव आणि विपुल सागरी सिमेंट यांनी तो बांधला. त्याच्या समोरचे डेलावेअर खोरे शेवटी शेकडो मीटर खोल होते. पुढे ते खोरे मुख्य समुद्रापासून तुटत गेले, पाणी आटून जिप्सम आणि मीठ यांचे जाड थर त्यात भरले आणि काठ त्यांच्याखाली गाडला जाऊन सुरक्षित राहिला. कित्येक कोटी वर्षांनी प्रदेश उंचावल्यावर भूजलाने आधी ते विरघळणारे थरच नेले, चुनखडक मागे राहिला. म्हणून मॅककिट्रिक घळीतील पायवाटेने सुमारे सहाशे मीटर चढत जाताना पायथ्याच्या खोल पाण्यातील थरांपासून माथ्यावरच्या उथळ पाण्यापर्यंतचा पर्मियन उतार जवळजवळ मूळ रूपात पार करता येतो.

तेथेही एक जुना वाद आहे आणि तो काठाच्या वाचनाशीच संबंधित आहे. माथ्याचे थर काठाजवळ येताना खोल समुद्राच्या दिशेने काही अंश खाली झुकतात. काहींच्या मते तो कल गाळ साठतानाचाच आहे, म्हणजे कॅपिटनचा काठ पाण्याच्या पृष्ठभागाशी नव्हे, तर काही मीटर खोल होता आणि सर्वांत उंच जागा त्याच्या मागे, गोल चुनकणांच्या उथळ पट्ट्यावर होती. त्या पट्ट्यावर थर फुगून तंबूसारखे उभे राहिलेले दिसतात आणि ते हवेत उघडे पडत असल्याचे पटते. दुसऱ्या मताप्रमाणे काठ पुढे सरकत गेला तो आपल्याच उताराच्या गाळावर. तो गाळ आणि त्याखालचे खोऱ्यातले थर वजनाने दबले आणि वरचे माथ्याचे थर समोर झुकले. उतारालगत जागोजागी काठाला समांतर भेगा आहेत आणि त्यांत नंतरचा सागरी गाळ व सिमेंट भरले आहे, म्हणजे खडक घट्ट झाल्यावर, पण मंच जिवंत असतानाच, तो समोर झुकून तडकत होता. मला दोन्ही कारणे एकत्र होती असे वाटते, आणि त्यांचा वाटा ठरवायचा तर पुन्हा माथ्याच्या थरांतील पाणसळीच मोजाव्या लागतात : त्या आडव्या असतील तेवढा कल मूळचा, थराबरोबर झुकल्या असतील तेवढा दबण्याचा.